कात्रीबाईंचा जोड

"तो माणूस या खोलीत शिकवायला उभा राहणार नाही."

"मावशी, यादी लागली. बाहेर फळ्यावर आहे."

"फळा पुसता येतो."

"आणि त्यांना काय सांगू? आमच्या संकलनाच्या बाईंना तुमचं तोंड आवडलं नाही?"

"तोंडाला काय झालंय? चांगलं आहे तोंड. बावीस वर्षं आठाच्या बातम्यांना सगळ्यांनी रोज बघितलंय."

"तेच म्हणतेय मी. एवढा मोठा माणूस निवृत्त झाल्यावर आपणहून फोन करतो, म्हणतो मला फुकट शिकवायचंय. आपल्याकडे कोण येतं असं? मागे कॅमेरा शिकवायला आला तो साखरपुड्याचे फोटो काढणारा. तोही दोन आठवड्यांत पळाला."

"तो बरा होता. समोर असेल तेवढंच काढायचा."

सामुदायिक माध्यम केंद्राच्या सामानखोलीत हे चाललं होतं. केंद्रप्रमुख मॅडम स्टुलावर बसून माइकची वायर गुंडाळत होत्या, आणि चुकीची गुंडाळत होत्या. कोपर आणि अंगठ्याच्या मधून, लोकर गुंडाळतात तशी. कात्रीबाईंनी ती त्यांच्या हातातून ओढली, सगळी सोडली आणि भांडता भांडताच एक वेढा सुलटा, एक वेढा उलटा घालत नीट वळायला घेतली.

"मला एक कारण सांगा," मॅडम म्हणाल्या. "एकच. बातमी कशी करावी हे त्यांना येत नाही, असं म्हणणं आहे का तुमचं?"

"येतं. फारच चांगलं येतं."

"मग हे कारण नव्हे मावशी, हा राग आहे."

"मग राग म्हणा. त्याला काय."

मॅडम तिशीतल्या, कात्रीबाई अठ्ठावन्नच्या. मॅडमच्या हातात सही होती, कात्रीबाईंच्या हातात केंद्र. दोघींनाही हे माहीत असल्यामुळे त्यांची भांडणं सहसा बरोबरीत सुटत. या वेळी मात्र वायरचा शेवटचा वेढा घालून कात्रीबाईंनी ती खुंटीला लावली आणि एकदम वेगळ्याच सुरात विचारलं,

"नवीन माणूस आहे ना तो? मग नियम त्यालाही लागू. आधी खुर्ची."

"अर्थात. खुर्ची सगळ्यांना."

"आणि खुर्चीचा वर्ग माझा."

"तुमचाच."

"मग येऊ दे."

एवढ्या स्वस्तात माघार घेतली तिथेच मॅडमनी कान टवकारायला हवे होते. पण त्यांना फोनवर 'या' म्हणून सांगायची घाई होती.

खुर्ची म्हणजे केंद्राचा जुना शिरस्ता. इथे जो कुणी नव्याने शिकवायला येईल, मग तो कितीही नावाजलेला असो, त्याने आधी कॅमेऱ्यासमोरच्या लाकडी खुर्चीत बसायचं. कॅमेरा धरणार नवशिके, आवाज घेणार नवशिके. विचारतील त्याची उत्तरं द्यायची. मग त्या मुलाखतीची छोटी फिल्म करून शनिवारी चार वाजता सगळ्या केंद्रासमोर दाखवायची. उद्देश साधा. कॅमेऱ्याची भीती ज्याने स्वतः चाखली नाही, त्याने ती दुसऱ्याच्या ताटात वाढू नये. आजवर या खुर्चीत एका मोठ्या वृत्तपत्राचा छायाचित्रकार घामाघूम झाला होता आणि रेडिओवरची एक निवेदिका स्वतःचं वय विसरली होती. सगळे हसले होते, खुर्चीतलेही.

कात्रीबाई हे नाव त्यांना केंद्राने दिलं नव्हतं. ते कारखान्यातून त्यांच्या मागे आलं होतं. वीसच्या होत्या तेव्हापासून त्या शिलाईच्या कारखान्यात कापड कापत होत्या. एकावर एक चाळीस थर आणि एका दमात चाळीस बाह्या. चाळीसावी पहिलीपेक्षा दोराभरही लहान असता कामा नये. जवळजवळ तीस वर्षं हे केल्यावर माणसाची नजर बिघडते. कुणाच्याही अंगावरचा सदरा बघितला की चेहऱ्याच्या आधी त्यांना खांद्याची शिवण दिसायची.

नऊ वर्षांपूर्वी त्या केंद्रात पहिल्यांदा आल्या. तेव्हा टेबलापलीकडच्या मुलीने नेहमीचा प्रश्न विचारला होता, "मावशी, तुम्हाला काय शिकायचंय? नातवंडांचे व्हिडिओ?"

"टीव्हीवर माणसाच्या तोंडी त्याचं नसलेलं बोलणं कसं घालतात, ते."

मुलगी हसली. कात्रीबाई हसल्या नाहीत. मुलीने अर्ज पुढे केला.

संकलनाचा पहिला धडा तिसऱ्या दिवशी झाला. इथे कापा, हे इकडे ओढा, हे त्याला चिकटवा, बघा, झालं. पंधरा मिनिटं. वर्गातल्या बाकीच्यांना गंमत वाटली. कात्रीबाई उठल्या, मागच्या पायरीवर जाऊन बसल्या आणि बऱ्याच वेळाने आत येऊन म्हणाल्या, "इतकं सोपं असतं?" त्यांना वाटलं होतं, त्यामागे मोठी यंत्रं असतील, पाच-सहा जणांचं डोकं असेल. आपलं घर फोडायला निदान कुणाला तरी मेहनत पडली असेल. पंधरा मिनिटं हा हिशोब त्यांना सहन झाला नाही.

त्या दिवसापासून रोज दोन ते सहा त्या केंद्रात. वर्षभर शिकल्या, आणि मग शिकवायला लागल्या त्या थांबल्याच नाहीत. मोबदला नाही, ओळखपत्रही नाही. लोक कौतुक करायचे, किती ही सेवावृत्ती. सेवा वगैरे काही नव्हतं. एक एक माणूस शिकवून त्या एक एक डोळा तयार करत होत्या. या गावातल्या प्रत्येकाला कापून चिकटवलेला जोड पकडता आला की तो माणूस कुठे तोंड लपवतो ते बघू, असं त्या एकदा भांडी घासावीत तितक्या शांतपणे बोलल्या होत्या. ऐकणाऱ्याला वाटलं, चेष्टा आहे.

त्यांच्या वर्गाचे नियम दोन. पहिला, जोड दिसला किंवा ऐकू आला की मोठ्याने म्हणायचं, 'जोड.' काम कुणाचंही असो, पाहुण्याचं असो. दुसरा, मुलाखत संपली की लगेच बटण बंद करायचं नाही.

"कुठलीही खोली गप्प नसते," त्या सांगायच्या. "पंखा असतो, नळ असतो, शेजारणीचा खोकला असतो. बोलणं संपलं की तीस सेकंद सगळ्यांनी तोंड मिटायचं आणि रिकाम्या खोलीचा आवाज भरून घ्यायचा. पुढे कुठे फाटलं, तर ठिगळ त्याच कापडाचं लागतं."

"आणि विसरलो तर?" इस्त्रीवालीने विचारलं होतं. कोपऱ्यावर तिची टपरी, दुपारी दोन तास नवऱ्याला बसवून ती इथे यायची.

"मग उघडं पडायचं. लाल सदऱ्याला हिरवं ठिगळ. आंधळ्यालाही दिसतं."

इस्त्रीवालीचा कान वर्गात सर्वांत तिखट होता. कात्रीबाई तिला तोंडावर कधी शाबासकी देत नसत. माघारी मात्र सांगायच्या, "ती माझ्यापेक्षा पुढे जाणार."

आता त्या घराची गोष्ट.

एकोणीस वर्षांपूर्वी कात्रीबाईंच्या कारखान्याला भर दुपारी आग लागली. पुढचा जिना धुराने भरला. मागच्या दाराला कुलूप होतं. बहुतेक जणी खिडक्यांतून निघाल्या, एक तरुण बाई निघाली नाही. कात्रीबाईंचा थोरला भाऊ तिथेच फाटकावर पहारेकरी होता. तिसऱ्या दिवशी वाहिनीवाले आले तेव्हा कारखान्याच्या न जळलेल्या भागात मशिनी पुन्हा चालू झाल्या होत्या. बातमीदाराने कात्रीबाईंना मशिनींच्या पुढे उभं केलं आणि बरंच काही विचारलं. किती जणी काम करता, आग कशी कळली. मधे एकदा विचारलं, सकाळी फाटक कोण उघडतं.

"माझा भाऊच," कात्रीबाई म्हणाल्या.

आठाच्या बातम्यांत घरभर माणसं जमून बसली होती. पडद्यावर बातमीदाराचा गंभीर चेहरा आला. त्याने विचारलं, "मागच्या दाराला कुलूप कुणी लावलं होतं?" आणि लगेच कात्रीबाईंचा चेहरा.

"माझा भाऊच."

दोन शब्द. बाकीच्या दहा मिनिटांतलं एक अक्षर नाही.

भावाच्या घरावर दुसऱ्या दिवशी दगड पडले. तिसऱ्या दिवशी त्याला पोलिसांनी नेलं. आठ महिन्यांनी पुरावा नाही म्हणून सोडलं, तेव्हा एकही कॅमेरा आला नाही. भाऊ दोन गल्ल्या पलीकडे राहायचा, अजूनही तिथेच राहतो. समोरून बहीण आली की तो रस्ता ओलांडतो. घाईने नव्हे, वाटेत खड्डा आहे म्हणून बाजू बदलावी तसा. एकोणीस वर्षांत एक शब्द नाही.

तर तो बातमीदार मंगळवारी दुपारी खुर्चीत येऊन बसला. केस पांढरे, आवाज तसाच, भांड्यावर झाकण बसावं तसा नेमका. वर्गाने लगेच त्यांना साहेब करून टाकलं. कॅमेऱ्यावर पोस्टमनकाका. त्यांनी सदतीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं वाटली होती आणि आता स्वतःचं काहीतरी सांगायचं म्हणून ते केंद्रात यायचे. इस्त्रीवाली कानाला हेडफोन लावून आवाजावर. प्रश्न विचारायला कात्रीबाई.

साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं, नमस्कार केला, चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

"आवाज फार छान आहे हो तुमचा," ते म्हणाले. "टीव्हीवर यायला हवा होता."

"आलाय एकदा."

"अरे वा. कशात?"

"छोटं काम होतं. दोनच शब्दांचं."

"छोटं-मोठं असं काही नसतं," साहेब मोठ्या मनाने म्हणाले.

इस्त्रीवालीने एक कान मोकळा केला. "मावशी, पंखा कुरकुरतोय. प्रत्येक फेऱ्याला. डोकं उठतंय माझं."

"कुरकुरू दे. बंद केला तर साहेबांना घाम येईल."

मुलाखत गोड झाली. इतकी गोड की दारातून डोकावणाऱ्या मॅडमना हायसं वाटलं. कात्रीबाईंनी विचारलं, सुरुवातीच्या दिवसांत कॅमेरा कोण धरायचं? साहेब म्हणाले, "मीच." आणि हसले. त्यांनी विचारलं, स्वतःच्या लग्नाला तरी सुट्टी घेतलीत का? साहेब म्हणाले, "छे, वेळच नव्हता." लहानपणी कशाची भीती वाटायची? साहेबांनी जरा आढेवेढे घेतले. "लाज वाटते सांगायला," ते म्हणाले, आणि मग पालीची गोष्ट सांगितली. पोस्टमनकाका हसता हसता कॅमेरा हलवून बसले.

"झालं," साहेब उठले. कात्रीबाईंनी हात लांब करून बटण बंद केलं.

इस्त्रीवाली त्यांच्याकडे बघत राहिली. "मावशी, तीस सेकंद?"

"असू दे आज."

त्यांच्या डोक्यात तेव्हा ते तीन तुकडे आधीच एकमेकांना लागत होते. मीच. छे, वेळच नव्हता. लाज वाटते सांगायला. आठ वर्षं दुसऱ्यांना जे बजावलं, ते त्या दिवशी त्यांच्या स्वतःच्या हातून निसटलं. संतापाला तीस सेकंद दम निघत नाही.

शुक्रवारी सकाळी वर्गात कुणी नसताना त्या एकट्याच कॅमेऱ्यासमोर बसल्या, तेच कपडे, तीच बाजू, आणि तीन नवे प्रश्न विचारले. रिकाम्या खुर्चीला. मग दुपारपर्यंत कापलं.

तिथून त्या थेट औषधाच्या दुकानात गेल्या. काउंटरवर त्यांची वहिनी बसते. भाऊ बोलत नसला तरी वहिनी बोलायची, गिऱ्हाइकाशी बोलावं तेवढं.

"उद्या चार वाजता दादाला केंद्रात घेऊन या."

"ते यायचे नाहीत."

"सांगा, त्या माणसाचं तोंड सगळ्या गावासमोर काळं करतेय."

वहिनीने गोळ्यांची पट्टी कात्रीने अर्धी केली. "त्याचं काळं झालं म्हणून ह्यांचं उजळतं का?"

"उजळतं."

"तुम्हाला असं वाटतं."

"वहिनी, एकोणीस वर्षं मी दुसरं काय केलंय? तुम्ही फक्त निरोप द्या."

"निरोप देते. पुढचं त्यांचं ते," वहिनी म्हणाली आणि मागच्या माणसाला विचारलं, "तुम्हाला काय हवं?"

शनिवारी खोली भरली. पहिल्या रांगेत मॅडम आणि साहेब. साहेबांचा सदरा इस्त्रीवालीने स्वतः हात फिरवून आणलेला, रेघ अशी की बोट कापावं. भाऊ दिसत नव्हता. दिवे मालवले तेव्हा मागचं दार जरासं उघडलं आणि दोन माणसं शेवटच्या रांगेत बसली. कात्रीबाईंनी अंधारातही चाल ओळखली. त्यांनी बटण दाबलं.

पडद्यावर कात्रीबाई विचारतात, "एका निरपराध माणसाला सगळ्या गावासमोर गुन्हेगार कुणी ठरवलं?"

साहेब हसून म्हणतात, "मीच."

पहिल्या क्षणी कुणाला काही कळलं नाही. एकजण सवयीने हसला आणि त्याचं हसू तोंडातच राहिलं.

"त्याचं पुढे काय झालं, कधी चौकशी केलीत?"

"छे, वेळच नव्हता."

साहेबांची मान ताठ झाली. मॅडमनी एकदा पडद्याकडे, एकदा साहेबांकडे बघितलं. कात्रीबाई पडद्याकडे बघतच नव्हत्या. त्या बाजूला उभ्या राहून साहेबांचं तोंड बघत होत्या. कधीपासून बघायचं होतं ते तोंड असं.

"आता काय वाटतं?"

"लाज वाटते सांगायला."

"जोड."

हे तिसऱ्या रांगेतून आलं. इस्त्रीवालीने बोलून मग स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. तिला बोलायचं नव्हतं, पण वर्षभराची सवय जिभेवर बसली होती.

मॅडमनी दिवे लावले. "कुठे जोड?"

इस्त्रीवाली उठली, कात्रीबाईंकडे बघू लागली. "मावशी, सांगू?"

कात्रीबाईंना नाही म्हणता आलं असतं. "सांग," त्या म्हणाल्या.

"साहेबांच्या उत्तरात पंखा कुरकुरतोय. तुमच्या प्रश्नात नाही. गुरुवारी वायरमन येऊन पंख्यात तेल घालून गेला. म्हणजे तुमचे प्रश्न त्यानंतरचे आहेत. तिन्ही. त्या दिवशी आपण तीस सेकंद घेतले नव्हते."

"मावशी, हे खरं आहे?" मॅडम म्हणाल्या.

"अगदी खरं."

साहेब उठून उभे राहिले. आवाज अजून झाकणाखालीच होता, पण वाफ यायला लागली होती. "माझ्या तोंडी नसलेलं बोलणं घातलंय यांनी. सगळ्यांसमोर. माझ्या एवढ्या वर्षांच्या नावाचं काय? मी हे असंच सोडणार नाही. मॅडम, या बाईंना इथून काढा."

"किती वेळ झाला तुम्हाला?" कात्रीबाईंनी विचारलं.

"कशाला किती वेळ?"

"खोटं चिकटून. तीन मिनिटं झाली असतील. आणि चूक लगेच पकडणारी माणसं आहेत खोलीत. नशीबवान आहात. बसा, अजून एक बघायचंय. अर्ध्या मिनिटाचं आहे."

"मावशी, पुरे," मॅडम म्हणाल्या.

"हे दाखवते. मग मला काढा."

मॅडम परत खुर्चीत टेकल्या. कात्रीबाईंनी त्या जुन्या बातमीची जपून ठेवलेली सीडी यंत्रात घातली. पडद्यावर काळ्या केसांचे साहेब आले. मागच्या दाराला कुलूप कुणी लावलं होतं? मग एकोणचाळीस वर्षांच्या कात्रीबाई. माझा भाऊच. मागच्या रांगेत कुणाची तरी खुर्ची वाजली.

"वर्ग," कात्रीबाई म्हणाल्या. "काय ऐकू येतं?"

"परत लावा," पोस्टमनकाका म्हणाले.

परत लावलं.

"जोड," पोस्टमनकाका म्हणाले. "बाई बोलते तेव्हा मागे शिलाईच्या मशिनी चालू आहेत. साहेब विचारतात तेव्हा चिडीचूप."

"जोड," दुसरी एक बाई म्हणाली. "साहेबांच्या तोंडावर दिव्याचा उजेड आहे. हिच्या तोंडावर उन्हाचा."

"आणि ती उत्तर देताना कॅमेऱ्याच्या डावीकडे बघतेय," इस्त्रीवाली म्हणाली. "विचारणारा डावीकडे उभा होता. साहेब तर सरळ कॅमेऱ्यातच बघून विचारताहेत. ही दोघं एका जागी नाहीतच."

एक एक जण बोलत गेला. साहेबांच्या सदऱ्याच्या सगळ्या शिवणी त्यांच्या अंगावरच उसवल्या जात होत्या. कात्रीबाईंना घाई नव्हती. शेवटच्या माणसाचंही ऐकून घेतल्यावर त्या साहेबांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. स्वतःच्या गळ्याशी त्यांनी बिनतारी माइक लावलेला होता. शनिवारची चर्चा नेहमी चित्रित व्हायची, त्यामुळे पोस्टमनकाकांनी कॅमेरा कधीच चालू केला होता.

"ओळखलंत?"

साहेबांनी पडद्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "मला आठवत नाही हो. खरंच. दिवसाला पाच-पाच बातम्या असायच्या."

"आठवायचा आग्रह नाही. दिसतंय ना?"

"दिसतंय."

"काय दिसतंय ते बोला."

"प्रश्न मागाहून घातलाय."

"कुणी?"

पंखा फिरत होता, आवाज न करता.

"मीच," साहेब म्हणाले.

"पूर्ण बोला. नाहीतर उद्या कुणी कापेल."

"प्रश्न मीच मागाहून घातला. या बाई असं बोलल्या नव्हत्या." ते म्हणाले. "मला माफ करा."

"नाही," कात्रीबाई म्हणाल्या. "माफ करायला बोलावलं नव्हतं. जा आता."

साहेबांनी खुर्चीवरची पिशवी उचलली, पण दाराकडे जायला वाट नव्हती. लोक दाटून उभे होते आणि कुणी सरकत नव्हतं. तेव्हा ते भिंतीला टेकून उभे राहिले. कात्रीबाईंनी त्यांच्याकडे पुन्हा बघितलंही नाही. त्या मागच्या रांगेकडे वळल्या होत्या. चेहरा लाल, डोळे कोरडे.

"दादा, ऐकलंस? सगळ्यांनी ऐकलं. मी तसं बोलले नव्हते."

भाऊ उठला. पासष्टीचा, उंच, जरा वाकलेला. वहिनीने त्याची बाही धरली होती, ती त्याने हळूच सोडवली.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

एकोणीस वर्षांनी ऐकलेला आवाज. कात्रीबाई बाजूच्या टेबलापाशी थांबल्या.

"त्याच दिवशी कळलं होतं मला. तुझ्या बोलण्यातला फरक मला कळणार नाही? फाटकाचं विचारलं की तू असंच म्हणायचीस. आमच्या घरात कुणाचाच त्या बातमीवर विश्वास बसला नव्हता."

"मग..."

"थांब. मलाही एक विचारायचंय. इथे विचारलं तर चालतं ना?" त्याने मॅडमकडे बघितलं. मॅडमनी मान हलवली.

"चौकशीच्या तीन तारखा होत्या. तुला तिन्ही वेळा बोलावणं आलं होतं. मागच्या दाराची चावी मालकाच्या खिशात असते, एवढंच सांगायचं होतं तुला. तू रोज बघायचीस. दुसरं कुणी बोलायला तयार नव्हतं. मी तिन्ही दिवस बाहेरच्या बाकावर बसून जिन्याकडे बघत होतो. हातात बेडी होती." त्याचा आवाज जराही चढला नव्हता. "त्याच महिन्यात मालकाने नव्या कारखान्यात तुला मुख्य कटर केलं. दहा वर्षं तिथे होतीस. मी कधी काही म्हटलं नाही. आज तू सगळ्यांना उत्तरं द्यायला लावतेयस, म्हणून विचारतो. का आली नाहीस?"

पोस्टमनकाकांचा कॅमेरा आपोआप कात्रीबाईंवर आला. त्यांनीच शिकवलं होतं, प्रश्न संपला की उत्तर देणाऱ्याचा चेहरा घ्यायचा आणि हलायचं नाही.

कात्रीबाईंनी एकदा साहेबांकडे बघितलं, जणू तिथून काही मिळेल. साहेब जमिनीकडे बघत होते. इस्त्रीवाली पुढच्या खुर्चीवर येऊन बसली होती, हेडफोन कानाला, बोट आवाजाच्या बटणावर.

"सांग ना," भाऊ म्हणाला. रागाने नाही. खरंच ऐकायचं होतं त्याला.

कात्रीबाई टेबलापासून निघाल्या. साहेबांना वाट न देणाऱ्या लोकांनी त्यांना मात्र दिली. भावाच्या अगदी जवळून त्या गेल्या, इतक्या जवळून की तो अर्धं पाऊल मागे सरला, आणि दाराबाहेर पडल्या. इस्त्रीवालीच्या कानात त्यांचा श्वास येत राहिला, मग जिन्यावरची पावलं, मग खालच्या रस्त्यावरची एक रिक्षा. मग नुसती खरखर.